फुल व्हर्जिनिया फ्लेक: अर्धी कृती डब्यात, अर्धी आपल्या हातात

सॅम्युअल गॉविथच्या फुल व्हर्जिनिया फ्लेक या पाइपाच्या तंबाखूचा ५० ग्रॅमचा चौकोनी डबा उघडला की आत काळपट तपकिरी, लांबलचक पट्ट्या घडी घालून बसवलेल्या दिसतात. एक पट्टी टोकाला धरून उचलली तर ती ताठ राहत नाही, आमसुलासारखी लोळते. बोटांना किंचित चिकटते. वास मनुका, सुकं अंजीर आणि काकवी यांच्या मधला कुठला तरी, त्याच्याखाली वाळल्या गवताची पुसट छटा. इथवर सगळं झकास. घोळ यापुढे होतो. नवशिका ती पट्टी तशीच पाइपात कोंबतो, दहा काड्या ओढतो, पाइप गुरगुरायला लागतो, जीभ पोळते, आणि मग निकाल लागतो की एवढी नावाजलेली तंबाखू, पण त्यात काही राम नाही.

राम आहे. पण ही तंबाखू कारखान्यातून निघते तेव्हा तिची कृती अर्धीच झालेली असते. वाळवणं, मळणं आणि जमलं तर मुरवणं ही उरलेली अर्धी कृती गिऱ्हाइकाच्या गळ्यात असते, आणि डब्यावर त्याबद्दल चकार शब्द नसतो. त्यामुळे हे परीक्षण जेवढं तंबाखूचं, तेवढंच त्या उरलेल्या कृतीचं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, आणि निकोटीनची सवय लागायची ती लागतेच. हे ठाऊक असूनही ओढायचं ठरवलेल्या सज्ञान माणसासाठीच पुढचा मजकूर आहे.

हे घराणं इंग्लंडच्या उत्तरेकडचं, कंब्रियातल्या केंडल गावचं, १७९२ पासूनचं. मूळ धंदा तपकिरीचा. केंडलची तपकीर आजही विकली जाते. फ्लेक म्हणजे पानं थरावर थर रचून, उष्णता आणि दाब देऊन त्यांची घट्ट वडी करायची आणि ती वडी पातळ कापायची. दाबाखाली पानांमधला रस एकमेकांत उतरतो, रंग गडद होतो, कच्च्या पानाचा उग्रपणा मोडतो. या तंबाखूत पान एकाच जातीचं, व्हर्जिनिया. आपल्याकडे निपाणी म्हटलं की जी तंबाखू डोळ्यांसमोर येते ती बिडीची, उन्हात वाळवलेली. व्हर्जिनिया वेगळी. ती बंद भट्टीत, नळ्यांमधून फिरणाऱ्या गरम हवेवर वाळवतात, धूर पानाला लागू देत नाहीत. पानातल्या पिठूळ अंशाची त्या काळात साखर होते आणि ती साखर तिथेच अडकून राहते. ही साखरच पुढच्या सगळ्या गुणदोषांची जननी आहे: गोडवाही तिचा, जिभेला बसणारा चटकाही तिचा, आणि बरणीत वर्षानुवर्षं होणारा बदलही बराचसा तिच्याच जिवावर.

आता वाळवणं. डब्यातली तंबाखू मुद्दाम ओलसर ठेवलेली असते. वाहतुकीत तिचा भुगा होऊ नये आणि मुरण्याला वाव राहावा म्हणून. ओढण्यासाठी मात्र तो ओलावा जास्त आहे. ओल्या तंबाखूचा विस्तव टिकत नाही, मग माणूस जोरजोरात ओढतो, आतलं पाणी वाफ होऊन नळीतून थेट जिभेवर येतं. जीभ धुरानं पोळते त्यापेक्षा या वाफेनं जास्त पोळते.

एका वेळेपुरती, म्हणजे मध्यम पाइपाला दोन ते अडीच ग्रॅम, तंबाखू घ्या. पट्टीचे थर बोटांनी हलकेच सुटे करून पांढऱ्या कागदावर पसरा. किती वेळ, याचं एकच उत्तर नाही, कारण ते तुम्ही राहता कुठे यावर आहे. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या लंडनच्या खोलीत तासाभरात काम होतं. मे महिन्यात नागपुरात दहा-पंधरा मिनिटांनीच बघायला लागा, अर्ध्या तासानं चुरा हाती येईल. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये उघड्यावर ठेवलेली तंबाखू वाळतच नाही, उलट सादळते. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असताना दुसरं होणार तरी काय. तिथे एसी लावलेली खोली हा सरळ उपाय. एसी नसेल तर चालू असलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या कोमट पाठीवर कागद ठेवा आणि दर दहा मिनिटांनी परता. टेबललॅम्पखाली ठेवण्याचा जुना सल्ला पिवळ्या बल्बच्या काळातला आहे, एलईडीला ती ऊब नाही. मायक्रोवेव्ह आणि तवा, दोन्ही नकोत: कडा करपतात, मधला भाग ओलाच राहतो, आणि वास उडून जातो तो परत येत नाही.

झालं की नाही हे चिमटीवर कळतं. मळलेल्या तंबाखूची चिमूट अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. कुरकुर आवाज आला, कण गळले तर जास्त वाळली. दाबल्यावर क्षणभर एकत्र राहून हळूहळू उलगडली, की योग्य. ज्यांचा चिमटीवर भरवसा नाही त्यांनी सोनाराकडे असतो तसला शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. हिशेब सोपा आहे. समजा १० ग्रॅम तंबाखूत २० टक्के ओलावा आहे, म्हणजे ८ ग्रॅम कोरडा माल आणि २ ग्रॅम पाणी. ओलावा १३ टक्क्यांवर आणायचा तर एकूण वजन ९.२ ग्रॅम व्हायला हवं. अडीच ग्रॅमची खेप असेल तर ती २.३ वर आली की भरा. चार-पाच वेळा काट्यावर केलं की पुढे काटा लागत नाही, बोटंच काटा होतात.

मळण्याचं तंत्र मराठी माणसाला नव्यानं शिकवायला नको. फक्त चुना नाही आणि जोर कमी. पट्टी तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटांनी गोल फिरवत मोकळी करायची, धागे सुटे व्हायला हवेत पण पीठ व्हायला नको. पीठ झालं तर ते नळीच्या भोकाशी जाऊन बसतं आणि हवाच बंद होते. पहिल्या दहा-बारा वेळा पूर्ण मळूनच भरा. मळलेली तंबाखू लवकर पेटते, एकसारखी जळते, आणि चूक झाली तर कुठे झाली ते समजतं.

जाणते लोक पट्टी न मळता घडी घालून भरतात. त्याची रीत अशी: पट्टी लांबीत दुमडायची, मग आडवी दुमडायची, सैलसर वळी करून पाइपात सोडायची आणि थोडासा चुरा वर पसरायचा, पेटवणीसाठी. अशी भरलेली तंबाखू सावकाश जळते, धूर थंड राहतो, गोडवा जास्त कळतो. मात्र घडी जळताना फुगते. म्हणून ती खोलगट पाइपात तीन चतुर्थांशाच्या वर भरू नये आणि बोटानं ठासू तर मुळीच नये. या एका तंबाखूला १८-१९ मिलिमीटर व्यासाचं, खोल भांडं (पाइपाचा तंबाखू भरायचा भाग) चांगलं मानवतं. पसरट भांड्यात विस्तव मधोमध भोक पाडत खाली जातो आणि कडेची तंबाखू कोरी राहते.

भरून झालं की न पेटवता एकदा ओढून बघा. सरबताच्या नळीतून ओढताना लागतो तेवढा हलका अडथळा हवा. लस्सी ओढल्यासारखं वाटलं तर सगळं काढून पुन्हा भरा. काडी लावल्यावर ते सुधारत नाही. पहिली काडी पृष्ठभागावर गोल फिरवायची. तंबाखू वर उसळते, तिला टॅम्परनं, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्यानं, अलगद बसवायचं, मग दुसरी काडी. खरी सुरुवात ही दुसरी. यापुढे नीट वाळवलेल्या खेपेला तीन-चारदा काडी लागली तर ते अपयश नाही. वीस लागल्या तर वाळवणात चूक आहे.

चव कशी? सावकाश ओढली तर सुरुवातीला पावाची भाजलेली कड, मध्यावर काकवी आणि सुक्या फळांचा गोडवा, शेवटच्या तृतीयांशात मिरपूड लागल्यासारखी झणझण. अंगावर बाहेरून घातलेला सुगंध जाणवत नाही, हे मला तिचं मोठं मोल वाटतं. जे काही आहे ते पानाचं. निकोटीन मध्यमाच्या वरचं. रिकाम्या पोटी ओढली तर उचकी, घाम, मळमळ हा क्रम ठरलेला, तेव्हा जेवणानंतर. खोलीतला वास शेजाऱ्यांना आवडेल अशी अपेक्षा ठेवू नका. व्हॅनिला-चेरीच्या तंबाखूसारखी ही पाहुण्यांना खूश करणारी नाही.

तुलनेला कॅपस्टनचा निळा डबा घ्या. विल्स आणि नेव्ही कट ही नावं आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटामुळे घरोघरी पोचली, पण ब्रिस्टलच्या विल्स कंपनीची कॅपस्टन ही पाइपाची तंबाखूही तितकीच जुनी जाणती. तिच्या पट्ट्या पातळ, फिकट आणि जात्याच कमी ओल्या. डब्यातून काढून पंधरा मिनिटांत भरता येते, मळायलाही सोपी. पहिलाच डबा घेणाऱ्यानं खरं तर तो घ्यावा. फुल व्हर्जिनिया दुसरा डबा म्हणून ठीक. कॅपस्टन आल्या दिवशी जशी लागते त्याहून पाच वर्षांनी बरी लागते. गॉविथची ही तंबाखू पाच वर्षांनी वेगळीच वस्तू होते. फरक एवढाच, पण मुरवणाऱ्याला तोच महत्त्वाचा.

आता साठवण, जिथे पैसे वाया जाण्याची खरी भीती आहे. चौकोनी, दाबून बसवलेल्या झाकणाच्या डब्यावर वर्षापलीकडे विसंबू नये, मग तो कुणाचाही असो. पत्रा कोपऱ्यात जरासा दबला तरी हवा आत-बाहेर करते, तंबाखू लाकडासारखी होते. दुसरा धोका गंजाचा: ओलसर, आंबट तंबाखू पत्र्याला वर्षानुवर्षं लागून असते. आतल्या बाजूला गंजाचे फोड दिसले तर त्याला चिकटलेली तंबाखू फेकायची, झटकून वापरायची नाही. घरी आणून लगेच काचेच्या बरणीत हलवणं हा स्वस्त विमा आहे.

बरणी कुठली? रुंद तोंडाची, दुहेरी झाकणाची मेसन बरणी, म्हणजे वर सपाट चकती आणि तिला दाबून धरणारं आट्यांचं कडं. आट्यांच्या या बरणीचं पेटंट जॉन लँडिस मेसननं १८५८ मध्ये घेतलं ते भाज्या-फळं टिकवण्यासाठी. तंबाखूवाल्यांनी ती ढापली. २४० मिलिलिटरच्या बरणीत एक ५० ग्रॅमचा डबा नीट बसतो, ४७० च्या बरणीत दोन. रबरी कडी आणि तारेच्या खिट्टीची बरणीही चालते, पण रबर दोन-तीन वर्षांनी ताठरतं, ते बदलावं लागतं. जॅमची रिकामी बरणी तात्पुरती ठीक. लोणच्याची मात्र नको. काच धुऊन निघते, झाकणातलं अस्तर निघत नाही, आणि मोहरी-हिंगाचा वास व्हर्जिनियात उतरला की तो पाइपातही उतरतो. चिनीमातीची बरणी दिसायला देखणी, पण कापड बांधून हवा अडत नाही. झिपवाली प्लास्टिकची पिशवी महिनाभराची सोय आहे. पातळ प्लास्टिकमधून ओलावा आणि वास दोन्ही हळूहळू निसटतात.

बरणी गरम पाण्यानं धुवा आणि उपडी घालून पूर्ण दिवस वाळू द्या. आट्यांमध्ये अडकलेला पाण्याचा एक थेंब बुरशीला पुरतो. हातही धुतलेले, कोरडे हवेत. पट्ट्या उभ्या, एकमेकींना लागून रचा, हलक्या हातानं दाबा आणि वर सेंटीमीटरभर जागा सोडा. ठासून हवा घालवायची नाही, व्हॅक्यूमही करायचं नाही. मुरण्याच्या पहिल्या टप्प्याला थोडी हवा लागते. ती संपली की पुढचं काम हवेविना, फार संथ गतीनं चालतं. बरणी तंबाखूसकट उकळत्या पाण्यात ठेवून झाकण बसवणारे महाभाग आहेत. त्यांची तंबाखू मुरत नाही, शिजते.

मुरवायला ठेवताना ओढण्याइतकी कोरडी करू नका. डब्यातला ओलावा बव्हंशी तसाच राहू द्या. फक्त पट्ट्यांवर पाण्याची चमक असेल, किंवा घरातलं तापमान वर्षभर तिशीच्या वर राहत असेल, तर आधी वीस मिनिटं मोकळ्यावर ठेवा. ज्यांना आकडा हवा त्यांनी छोटा डिजिटल आर्द्रतामापक चोवीस तास बरणीत ठेवून बघावा: ६० ते ६५ टक्के म्हणजे ओढायला तयार, ७० च्या आसपास म्हणजे मुरवायला चालेल, ७५ च्या वर बुरशीचं आमंत्रण. मापकावर आंधळा विश्वास नको, आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलासारखं होईल इतपतच पाणी घाला, मापकाबरोबर हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. मापकानं ७५ आकडा दाखवायला हवा. ७१ दाखवला तर तुमचा मापक चारनं मागे आहे, तेवढं कायम मिळवत चला. बोव्हेडाच्या ओलावा राखणाऱ्या पुड्या रोज उघडल्या जाणाऱ्या बरणीत कामाच्या, ६२ किंवा ६५ चा आकडा घ्यावा. वर्षांसाठी बंद केलेल्या बरणीत त्यांचं काही काम नाही.

ठेवायची जागा अंधारी आणि तापमान स्थिर असलेली. काचेतून ऊन लागलं की पान फिकं पडतं. पत्र्याखालचा किंवा गच्चीखालचा माळा मेमध्ये तापतो, तो बाद. फ्रिजही बाद. भिंतीला न चिकटलेल्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा बहुतेक घरांत उत्तम.

काळानुसार काय होतं? पहिले तीन-चार महिने पानांची गाठ जमते, वासातला कच्चेपणा जातो. वर्ष-दोन वर्षांत रंग गडद होतो, जिभेवरची धार बोथट होते. पाच वर्षांच्या सुमारास गोडवा खोल होऊन सुक्या फळांकडे झुकतो, आणि माझ्या मते या तंबाखूचा सर्वांत चांगला काळ पाच ते दहा वर्षांमधला. त्यापुढे फरक पडत राहतो, पण प्रत्येक वर्षाला मिळणारं फळ कमी होत जातं. हे सगळं व्हर्जिनियाला लागू, प्रत्येक तंबाखूला नाही. बर्ली या जातीच्या पानात साखर नगण्य, ती विशेष बदलत नाही. धुरावर वाळवलेली लाटाकिया काळाबरोबर मवाळ होते, तिचा धुरकट ठसकाच कमी होतो. सुगंध लावलेल्या, प्रोपिलीन ग्लायकॉलनं ओल्या ठेवलेल्या तंबाखू मुरवण्यात अर्थ नाही. त्या घ्या आणि संपवा. त्यांची बरणीही वेगळी ठेवा.

दोन-तीन वर्षांनी बरणीत पट्ट्यांवर पांढरं काही दिसलं की लोकांची घाबरगुंडी उडते. ते उजेडात तिरकं धरा. कणीदार, चमकणारं, पानाला चिकटलेलं असेल तर स्फटिक आहेत, मुरलेल्या व्हर्जिनियावर ते येतात. कापसासारखं, लव असलेलं, राखाडी-हिरवट आणि पट्टीपासून पट्टीपर्यंत जाळं विणणारं असेल तर बुरशी. वासही पुरावा देतो: ओल आलेल्या भिंतीचा वास म्हणजे संपलं. बुरशीचा भाग काढून उरलेली वापरायचा मोह नको, अख्खी बरणी रिकामी करा.

कोरडी पडलेली तंबाखू मात्र वाचते. ती खोलगट ताटलीत पसरा, ताटलीच्या तोंडावर पिळून काढलेलं ओलं कापड ताणून बसवा, तंबाखूला टेकू देऊ नका. दर दोन तासांनी परता. सहा-आठ तासांत लवचिकपणा येतो. संत्र्याची साल, बटाट्याची चकती, पावाचा तुकडा हे जुने तोडगे ओलाव्याबरोबर बुरशीही आणतात.

भारतात परतताना हवाई प्रवाशाला करमुक्त आणता येणारी तंबाखू १२५ ग्रॅम, म्हणजे असे दोन डबे सुखानं. नेमके दोनच घ्यायचे असतील तर एक लगेच उघडावा, दुसरा आल्या आठवड्यात बरणीत जावा. या तंबाखूला माझे पाचातले साडेचार. अर्धा गुण डब्यावर सूचना नसल्याबद्दल कापला.

मुरलेली बरणी उघडल्यावर पहिल्यांदा नाकाला झोंबणारा आंबूस वास येऊ शकतो. अर्धा तास झाकण काढून ठेवलं की तो जातो. मोठी बरणी पुन्हा पुन्हा उघडू नये, कारण प्रत्येक वेळी ताजी हवा आत जाते आणि आतलं संथ काम विस्कटतं. साधारण १५ ग्रॅम छोट्या बरणीत काढून घ्या, मोठीचं झाकण लावा, आणि चिकटपट्टीवर भरल्याच्या तारखेखाली उघडल्याची तारीख लिहा.